भिंतीला वाचून दाखव

आमच्या शाळेतली बारावीची पोरं मला पाठीमागे ‘फॉर्मबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण माझे कान तिखट आहेत. पगार मला गणित शिकवण्याचा मिळतो. विद्यापीठांचे फॉर्म, निबंध, शिफारसपत्रं हे सगळं मी आपणहून गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं. अठरा वर्षं झाली, अजून सुटलेलं नाही.

या कामासाठी शाळेने मला नकाशांची खोली दिली आहे. प्रयोगशाळेला लागून, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. कोपऱ्यात अजून गुंडाळलेले नकाशे उभे आहेत, एक कॉम्प्युटर आहे, दोन खुर्च्या आहेत आणि एक कोरी भिंत आहे. त्या भिंतीवर मी काहीही लावू देत नाही. पोरगं निबंध लिहून आलं की मी तो हातात घेत नाही. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करते आणि सांगते, भिंतीला वाचून दाखव. माणसाला वाचून दाखवताना पोरं समोरच्याच्या तोंडाकडे बघून आवाज फिरवतात. भिंत हसत नाही की मान डोलावत नाही. आणि जिथे जीभ अडखळते, तिथे हमखास थाप असते. ते वाक्य काढून टाकायचं, एवढीच माझी विद्या.

या भिंतीने किती आजोबा मेलेले ऐकलेत त्याला गणती नाही. तिसऱ्या परिच्छेदात आजोबा जातात आणि चौथ्यात नातवाला डॉक्टर व्हावंसं वाटतं. एकदा तर एकाचे मेलेले आजोबा त्यालाच न्यायला फाटकाशी स्कूटर घेऊन उभे होते. मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं आणि नातवाला दुसरा निबंध लिहायला बसवलं.

यंदा माझ्याकडे सत्तावीस पोरं होती आणि त्यांत पेन्सिल होती. हे नाव मीच ठेवलेलं. काटकुळी पोर, आणि कानावर कायम पेन्सिल खोचलेली, सुतार खोचतो तशी. तिला पूल बांधायचे होते. वर्गात कंटाळा आला की वहीच्या मागच्या पानावर पूल काढायची आणि कुठल्या खांबावर किती भार येईल त्याचा हिशेब मांडायची. वडील लहानपणीच गेले, घरात मायलेकी दोघीच. तिने दूरच्या एका विद्यापीठाचा ध्यास घेतला होता. तिथे फी, राहणं, जेवण सगळं धरून शिष्यवृत्ती होती, पण वर्षाला दहाच जणांना. ती मिळाली तर पेन्सिल जाणार, नाही तर गावातल्याच कॉलेजात मिळेल तो विषय घेऊन बसणार. मधला रस्ता नव्हता.

मार्क चांगले होते. दहावीला पंच्याण्णव टक्के, बारावीच्या सहामाहीत चौऱ्याण्णव. फक्त मध्ये अकरावीला एकसष्ट, आणि हजेरीत त्रेपन्न दिवस कोरे. फॉर्ममध्ये त्याला एक चौकोनच असतो: गुणांत मोठी घसरण असल्यास कारण लिहा.

पेन्सिलने निबंधात कारण लिहून आणलं होतं, अकरावीत मला कावीळ झाली. भिंतीला वाचायला लागली आणि ‘कावीळ’पाशी अडली. म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा अडली तेव्हा मी नेहमीसारखं खेकसले, खोटं आहे ते काढ. ती काही वळली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पाठमोरीच बोलत गेली.

तिची आई एक दिवस अंथरुणात पडली ती उठलीच नाही. ताप नाही, दुखणं नाही. आंघोळ करायची नाही, केस विंचरायची नाही, नुसती भिंतीकडे कूस करून पडून राहायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वेळ लागेल, एकटं सोडू नका. आईचं मात्र एकच पालुपद, तू शाळा बुडवायची नाहीस. पोर घरी राहिली की तिचं रडणं वाढायचं, माझ्यापायी तुझं वाटोळं होतंय म्हणून. मग पेन्सिलने तोड काढली. सकाळी सातला गणवेश घालून, दप्तर घेऊन, ‘येते गं’ म्हणून दार ओढायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या पायरीवर कान दाराकडे लावून बसायची. एकला उठून ‘आले गं’ म्हणत आत जायची. असे त्रेपन्न दिवस. शाळेत कावीळ म्हणून चिठ्ठी दिली, खाली आईची सही स्वतःच ठोकली.

आई हळूहळू बरी झाली. आणि बरी झाल्यापासून मावशी, मामा, शेजारीपाजारी, भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायची: मी अंथरुणाला खिळले होते, पण माझ्या लेकीने शाळेचा एक दिवस बुडवला नाही. त्या एका वाक्याचा हात धरून ती बाई उभी राहिली होती.

“आईला हे कळता कामा नये,” पेन्सिल म्हणाली. “बाई, शब्द द्या.”

मी दिला. आणि तो मोडायला मला आठ दिवससुद्धा लागले नाहीत.

आता माझी बाजू सांगते, तुम्हाला पटो न पटो. गेल्या वर्षी एका पोराचे मार्क असेच मध्येच पडले होते. घरचं घरात राहू दे म्हणून मी तो चौकोन कोरा सोडला आणि पोराचा फॉर्म पहिल्याच चाळणीत गेला. तेव्हापासून ते माझ्या मनात सलत होतं, आणि यंदा कावीळ काढल्यावर पेन्सिलचाही चौकोन कोराच होता. शिवाय शिफारसपत्र गुप्त असतं. मी लिहिणार, मुख्याध्यापक सही करणार, आणि ते थेट विद्यापीठाला जाणार. पोरांना दिसत नाही, आईबापांना दिसत नाही. हजार कोसांवरच्या चार परक्या माणसांनी वाचलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी पायरीचं सगळं लिहिलं. सात ते एक, गणवेश, दप्तर, दाराकडे लावलेला कान, त्रेपन्न दिवस. खरं सांगते, लिहिताना मला आनंद होत होता. अठरा वर्षांत इतकं चांगलं पत्र माझ्या हातून उतरलं नव्हतं, आणि याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

यात गोम एकच होती. पेन्सिलची आई यंदाच्या जूनपासून आमच्याच शाळेच्या ऑफिसात कारकून होती. मीच शब्द टाकून तिला लावून घेतलं होतं. कामाला चोख बाई. आणि अख्ख्या शाळेत प्रिंटर एकच, तो तिच्या टेबलाशेजारी. पण मी काय दुधखुळी आहे? चार वाजता ती घरी जाईपर्यंत थांबले. मग नकाशांच्या खोलीतून पत्र प्रिंटरला पाठवलं आणि धावत ऑफिसात गेले. काहीच आलं नव्हतं. कागद संपल्याचा लाल दिवा लागलेला, आणि कागदांच्या कपाटाची किल्ली तिच्या कंबरेला. चरफडत मी पत्र पेनड्राइव्हवर घेतलं, फाटकासमोरच्या दुकानातून छापून आणलं, मुख्याध्यापकांना गाठून सही घेतली आणि पाठवून दिलं. आपण किती सावध म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

प्रिंटरने ते पत्र पोटात धरून ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सकाळी आठला तिने कागदाचा नवा गठ्ठा भरला, आणि सगळ्यात आधी माझं पत्र बाहेर आलं.

मधल्या सुट्टीत ती नकाशांच्या खोलीत आली. पत्र एका पारदर्शक फोल्डरमध्ये घातलेलं, ती सगळेच कागद तसे घालायची. ते माझ्यापुढे ठेवून म्हणाली, कालचं अडकलं होतं तुमचं. मी काहीबाही बोलायला लागले, हे तिच्या भल्यासाठीच, हे गुप्त असतं वगैरे. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“त्रेपन्न मोजून लिहिलेत की अंदाजे?” तिने विचारलं.

हजेरीपटावरून, मी म्हटलं.

“मग बरोबर असेल,” ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन थांबली. “मला कळलंय हे तिला कळू देऊ नका, बाई.”

पुन्हा मी शब्द दिला. माझ्याकडे शब्दांना काय तोटा! लेकीचं आईपासून लपवायचं आणि आईचं लेकीपासून, आणि दोघींच्या मध्ये मी, अठरा वर्षं दुसऱ्यांच्या थापा पकडणारी.

पुढचे आठ-दहा दिवस पेन्सिलची आई वेळेवर येत होती. पण मी बघत होते. आधी बोलणं कमी झालं. मग डबा न उघडता परत जायला लागला. एका दुपारी नुसती प्रिंटरसमोर उभी होती, कागद केव्हाच छापून पडले होते. मी विचारलं तर म्हणाली, झोप नीट होत नाही. सोमवारी आली नाही. मंगळवारी फोन आला, ताप आहे. तो फोन पेन्सिलने केला होता, आणि तिचा आवाज ऐकून मला सगळं समजलं. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

विद्यापीठाने पेन्सिलला मुलाखतीला निवडलं होतं. गुरुवारी अकरा वाजता, कॉम्प्युटरवरून, माझ्याच खोलीत. नऊ वाजता यायचं ठरलं होतं. साडेनऊ झाले तरी पत्ता नाही, फोन उचलत नाही. मी भौतिकच्या सरांना म्हटलं, यंत्र सुरू करून ठेवा, आणि रिक्षा करून तिच्या घरी गेले.

जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. माझे गुडघे काही जिन्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. दुसरा मजला ओलांडला आणि वर बघितलं. पायरीवर पेन्सिल बसली होती, गणवेशात, दप्तर मांडीवर आणि कान दाराकडे. पायरीच्या कोपऱ्यात पेन्सिल तासल्याची टरफलं पडली होती. हे सगळं मी आधीच लिहून मोकळी झाले होते. मी लिहिलं होतं ते वाचायला बरं होतं. ही पायरी तर गार आणि अरुंद होती, आणि पोरीचे ओठ काळवंडले होते.

मी तिच्या शेजारी टेकले. ती हळू आवाजात म्हणाली, आई पुन्हा तशीच झालीय बाई, काही कारण नाही, बरी होती अगदी. तिला कारण माहीत नव्हतं, मला होतं. वाटलं, गप्प बसावं. मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांगू. पण ती स्वतःलाच दोष देत होती, फॉर्म भरायलाच नको होता, मी लांब जाणार म्हणूनच आईने हाय खाल्ली. ते काही मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. पत्र, प्रिंटर, फोल्डर, आईला दिलेला शब्द, सगळं.

ती कानावरची पेन्सिल काढून हातात धरून बसली. मला वाटलं होतं, बोलेल काहीतरी, शिव्या देईल, मग मला बरं वाटेल. शेवटी मीच म्हटलं, दहा वाजलेत, तू शाळेत जा, मी इथे बसते, तू येईपर्यंत हलणार नाही, शब्द देते.

“शब्द नको, बाई,” ती म्हणाली. “तुम्ही नुसत्या बसा.”

आणि दप्तर उचलून खाली गेली. तिची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली.

मी बसून राहिले. एक भाडेकरू भाजीची पिशवी घेऊन वर गेला, मला बघून अंग चोरून गेला. बऱ्याच वेळाने दारामागे काहीतरी सरकल्यासारखं झालं. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, अगदी दाराला लागून, जमिनीपासून.

“बाई, तुम्ही आहात ना?”

हो म्हटलं. पेन्सिल मुलाखतीला गेली म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, “मागच्या वेळी ती बाहेर बसलीय हे मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत आहे. तरी उठवत नाही हो मला.”

आयुष्यभर पोरांना वाक्यं काढायला लावली, पण या वाक्यात काढण्यासारखं काही नव्हतं. मी वर जाऊन दाराला पाठ लावून बसले. तीही आतून तशीच बसली असावी. तिचा श्वास ऐकू येत होता. डॉक्टरांना आजच बोलावते म्हटलं, तर म्हणाली, बोलवा.

पेन्सिल दीडला परत आली. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, ठीक आहे म्हणून. मुलाखत कशी झाली विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण ती आपणहून बोलली. पुलांबद्दल बरंच विचारलं, ते चांगलं झालं. मग शेवटी एका बाईने फार मायेने विचारलं, जिन्यावरच्या त्या दिवसांबद्दल सांगशील का.

मग तू काय सांगितलंस, मी विचारलं.

“म्हटलं, पत्रात चुकीचं लिहिलंय. मला कावीळ झाली होती,” पेन्सिल म्हणाली. “या वेळी अडखळले नाही, बाई.”

आणि दार ढकलून आत गेली. ‘आले गं’ म्हणाली, तेही नेहमीसारखंच.

डॉक्टर आले, गोळ्या बदलल्या. आता रोज सकाळी सातला मी त्या पायरीवर जाऊन बसते. साडेनऊला शेजारीण येते आणि मी शाळेत जाते. आतल्या बाईला कधी बोलावंसं वाटतं, कधी नाही. पण पेन्सिल शाळेत असते, खरोखरची असते. माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते.

शनिवारी विद्यापीठाचं पत्र आलं, माझ्या नावाने. तुमचं शिफारसपत्र आणि विद्यार्थिनीचं म्हणणं यांत मोठी तफावत आहे, खरं काय ते कळवा, त्यानंतरच अर्जाचा विचार होईल. भाषा सभ्य होती, पण अर्थ सरळ होता. दोघींपैकी एक खोटारडी आहे, कोण ते सांगा. माझं पत्र खरं म्हटलं तर पोर खोटी ठरते आणि शिष्यवृत्ती जाते. पोर खरी म्हटलं तर मी खोटी ठरते, आणि खोटं शिफारसपत्र लिहिणाऱ्या बाईचं पत्र पुन्हा कोण वाचणार? मुख्याध्यापकांना कळलं की नकाशांच्या खोलीची किल्लीही जाणार. आणि एवढं करूनही पोरीला ती मिळेलच असं काही नाही. घसरणीला कारण म्हणून उरणार एक कावीळ आणि एक थापाडी बाई.

मी उत्तर लिहिलं. फार विचार केला असं नाही. लिहून झालं, छापलं, आणि सवयीने उठून भिंतीकडे तोंड केलं.

विद्यार्थिनीने सांगितलं तेच खरं आहे. तिला कावीळ झाली होती. पत्रातला जिन्याचा मजकूर पूर्णपणे माझा असून तो लिहिण्याचा मला काहीही अधिकार नव्हता.

पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कावीळही वाचली. जीभ कुठे म्हणता कुठे अडली नाही. पुन्हा एकदा वाचलं, तेव्हाही नाही. मग पाठवून दिलं.

मागे वळले तर दारात एक पोरगा निबंधाचे कागद घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे. त्याला सराव होता, आत येऊन मुकाट्याने भिंतीकडे वळला. मी त्याला खांद्याला धरून फिरवलं, समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, नको, मलाच वाचून दाखव.